रस्त्यांचे नवे डांबरीकरण होतेच आहे, तर त्याच कामात सायकलींसाठी रंगीत पट्टा का नको? (बेळगाव)

टिळकवाडीकर

पावसाळा उलटला की आपल्याकडे डांबरीकरणाची कामे सुरू होतात आणि मे महिनाअखेर ती हातावेगळी करण्याची घाई चालते. या कामांवर चर्चा होते ती खड्ड्यांची, डांबराच्या दर्जाची आणि कोणत्या वॉर्डाचा नंबर आधी लागला याची. रस्त्याची रुंदी कोणाच्या वाट्याला किती यावी, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. वास्तविक तो काढण्याची वेळ हीच असते. नवा थर पडला की जुने पांढरे पट्टे त्याखाली जातात आणि ते पुन्हा आखावेच लागतात. आखणीचे यंत्र आणि माणसे रस्त्यावर आलेलीच असतात. त्याच वेळी डाव्या कडेने सायकलींसाठी एक पट्टा आखून घेतला, तर त्याचा वाढीव खर्च मूळ कामापुढे किरकोळ ठरतो. तोच पट्टा दोन वर्षांनी मागायला गेलो, तर वेगळे अंदाजपत्रक, वेगळी निविदा आणि पुन्हा तीच वाट पाहणे आले. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्या रुंद रस्त्यांवर नवा थर पडणार आहे, त्यांच्या निविदेतच सायकलींचा पट्टा लिहिला जावा आणि चौकांमध्ये तो रंगवलेला असावा.

जागा कोठून आणणार, हा पहिला प्रश्न येईल. दुभाजकाच्या एका बाजूला ९ मीटर डांबर आहे असे धरू. सध्याच्या पद्धतीने ३.५ मीटरच्या दोन मार्गिका आखल्या की कडेला २ मीटर उरतात आणि तेथे माती साठते किंवा गाड्या उभ्या राहतात. बसची रुंदी २.६ मीटरच्या आत असते. शहरात ताशी ४० किलोमीटरच्या वर कोणी जाऊ नये असे आपल्याला खरोखरच वाटत असेल, तर ३ मीटरची मार्गिका पुरेशी आहे. मग सायकलींना २ मीटर मिळतात आणि वाहने व सायकली यांच्यामध्ये १ मीटर मोकळा सोडता येतो. यासाठी कोणाचे कंपाउंड पाडावे लागत नाही, एकही झाड तोडावे लागत नाही.

सायकल कोण चालवतो, असे विचारले जाते. वडगाव-खासबागचा विणकर चालवतो, उद्यमबागेत फाउंड्रीत जाणारा कामगार चालवतो, येळ्ळूरकडून भाजी किंवा दूध घेऊन येणारा चालवतो. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू केली. तिच्यामुळे खेड्यांतील कितीतरी मुली हायस्कूलला जाऊ लागल्या. ही माणसे सभांना येत नाहीत, निवेदने देत नाहीत, म्हणून त्यांची गणना होत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे आपले गाव हवेच्या दृष्टीने सायकलीला अतिशय सोयीचे आहे. अडचण आहे ती भीतीची, आणि ती भीती खरी आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली.

रंगाविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच मांडतो, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत हिरवागार रंगवलेला रस्ता येतो. माझी मागणी तशी नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस जेथे वाहने सायकलींची वाट ओलांडतात एवढेच भाग निळे रंगवले गेले. सायकलस्वाराला आधी जाऊ देणाऱ्या वाहनचालकांचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. याउलट कोपनहेगनमधील चौकांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की चौकात एकच निळा पट्टा असेल तर अपघात सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, पण दोन पट्टे केले तर ते २३ टक्क्यांनी आणि चार केले तर ६० टक्क्यांनी वाढतात. चहूकडे रंग दिसू लागला की चालकाची नजर नेमकी कोठे जावी हे ठरत नाही, असे मला यावरून वाटते. त्यामुळे रंग थोडा हवा आणि नेमक्या जागी हवा.

आपापल्या भागातील अनुभव लिहावेत ही विनंती.

उद्यमबाग दुसरी पाळी

टिळकवाडीकर, तुमचा प्रस्ताव मला मनापासून पटला. पण रंगाच्या आधी रस्त्याच्या कडेकडे पाहा, असे मी सांगेन. रोज सायकलने कामावर जाणाऱ्याला रस्ता म्हणजे डावीकडचे दोन हात डांबर, आणि नेमके तेवढेच सर्वांत वाईट असते.

आमच्याकडे जुन्या थरावर नवा थर टाकतात, तो गटाराच्या काँक्रीटच्या अलीकडेच संपतो. तेथे सुमारे ४ सेंटीमीटरची एक उभी धार रस्त्याला समांतर तयार होते. मागून ट्रक आला म्हणून सायकल डावीकडे घेतली की चाक त्या धारेखाली उतरते, आणि परत वर घ्यायला गेलो की टायर धारेला घासत राहतो, वर चढत नाही आणि माणूस उजवीकडे, म्हणजे ट्रकच्या बाजूला पडतो. खड्डा समोरून दिसतो, चुकवता येतो. ही धार रात्री दिसतच नाही. चेंबरचेही तसेच आहे. रस्ता वर येतो आणि झाकण जेथल्या तेथे राहते, त्यामुळे प्रत्येक झाकण हा एक चौकोनी खड्डा होऊन बसतो. काही ठिकाणी झाकणाच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनेच असतात आणि त्यांत सायकलचे बारीक टायर सहज अडकते. जाळी आडवी बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही.

पट्टा आखायचाच असेल तर त्या पट्ट्याखालचे डांबर गटाराच्या काठापर्यंत एकसंध असले पाहिजे. नाहीतर आम्ही पट्टा सोडून पुन्हा वाहनांच्या मधूनच जाणार आणि लोक म्हणणार की यांना पट्टा दिला तरी हे त्यात जात नाहीत.

निवृत्त अभियंता, कॅम्प

वरील दोन्ही पोस्ट महत्त्वाच्या आहेत आणि दुसऱ्या पोस्टमधील धारेचे वर्णन अगदी अचूक आहे. आयुष्यभर रस्त्यांची कामे केली असल्याने यातील तांत्रिक बाजू थोडी सविस्तर लिहितो.

जुन्या थरावर नवा थर टाकत राहणे ही सोपी पद्धत आहे, योग्य नव्हे. दर वेळी ४ सेंटीमीटर वाढत गेले की काही फेऱ्यांनंतर रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर जातो आणि पावसाचे पाणी गटारात जाण्याऐवजी लोकांच्या पडवीत शिरते. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यासाठी आधी यंत्राने जुना थर खरवडून काढावा लागतो, ज्याला आम्ही मिलिंग म्हणतो. जेवढे काढले तेवढेच वर घातले की रस्त्याची पातळी, गटाराची पातळी आणि चेंबरची पातळी यांचा मेळ राहतो. खरवडलेला मालही वाया जात नाही. तो नव्या मिश्रणात काही प्रमाणात पुन्हा वापरता येतो. चेंबरची चौकट उचलून नव्या पातळीला बसवण्याची बाब निविदेत वेगळी लिहावी, कारण जी बाब लिहिलेली नसते ती कोणीही करत नाही.

त्यानंतर पृष्ठभाग झाडून, धूळ उडवून टॅक कोट, म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटवणारा पातळ डांबराचा हात, मारायचा असतो. लाल मातीच्या धुळीवर मारलेला टॅक कोट म्हणजे काहीच न मारल्यासारखे आहे. तसा थर दुसऱ्या पावसात पापुद्र्यासारखा निघतो. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण प्लांटमधून साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघते आणि ते ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी रोलरचे काम पूर्ण व्हावे लागते. संध्याकाळच्या गार वाऱ्यात डंपर तासभर वाहतुकीत अडकला, तर तो माल नाकारण्याचा अधिकार जागेवरील अभियंत्याला आहे आणि त्याने तो वापरला पाहिजे. कोणाही नागरिकाला हे पाहता येते: माल टाकताना वाफ दिसत नसेल आणि खडी काळी चकचकीत न दिसता तपकिरी दिसत असेल, तर तेथे उभे राहून विचारावे.

आपल्या शहरात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे अथणीच्या बाजूला त्याच्या निम्म्याइतकाच पडतो. जिल्हा एक असला तरी रस्त्याची काळजी एकच असू शकत नाही. डांबराचा खरा शत्रू साचलेले पाणी आहे. ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते आणि दोन्ही सुटी करते. म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार हवा. हे सर्व पाणी शेवटी सायकलींच्या पट्ट्यातूनच वाहणार असल्यामुळे, गटाराची तोंडे उघडी नसतील तर पट्ट्याचे तळे होईल. माझ्या मते संपूर्ण प्रस्तावाचा जीव येथे आहे.

आता रंगाविषयी. साधा रंग डांबरावर टिकत नाही आणि पावसात निसरडा होतो. दुचाकीला निसरडा पृष्ठभाग म्हणजे अपघाताला आमंत्रण. त्यामुळे रंगीत थरात दगडाची कडक बारीक कच असलीच पाहिजे. इपॉक्सी किंवा तत्सम राळेच्या थरावर भाजलेल्या बॉक्साइटची कच पसरून असा खरखरीत पृष्ठभाग करता येतो. तो महाग आहे, आणि टिळकवाडीकर म्हणतात तसे तो चौकापुरताच ठेवण्याचे हेही एक कारण आहे. कडेच्या पांढऱ्या रेषेसाठी मात्र नेहमीचे गरम थर्मोप्लास्टिक, म्हणजे वितळवून लावायचा प्लास्टिकसारखा रंग, पुरते. ते सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे असावे आणि त्यावर काचेचे बारीक मणी टाकलेले असावेत, म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात रेषा चमकते. नेदरलँड्समध्ये लोहाचा लाल रंग डांबरी मिश्रणातच घालतात, त्यामुळे झीज झाली तरी आतून लालच निघतो. आपल्याकडे मी लाल रंग सुचवणार नाही. इथल्या लाल मातीत महिनाभरात तो ओळखू येणार नाही. हिरवा घ्यावा.

नव्या डांबरावर राळेचा थर लगेच देऊ नये. वरचे तेल उडून जायला काही आठवडे द्यावे लागतात. म्हणजे मेच्या अखेरीस डांबर टाकले तर रंगाचे काम पावसात सापडले. डिसेंबर-जानेवारीत डांबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग, हा क्रम आधी ठरवूनच निविदा काढावी.

खडेबाजारातील व्यापारी

सर्वांनी चांगले विचार मांडले आहेत, परंतु आमची बाजूही ऐकून घ्यावी. बाजारात आज गाडी लावायला जागा नाही. दुकानापुढची दोन मीटर जागा सायकलींना दिली, तर चंदगड-खानापूरकडून लग्नाच्या खरेदीला येणारे गिऱ्हाईक गाडी कोठे लावणार? सायकलस्वारांविषयी मला आपुलकी आहे. माझ्या दुकानातील दोन मुले सायकलनेच येतात. मात्र निर्णय घेताना व्यापाऱ्यांना न विचारता पट्टे मारले गेले, तर आठवडाभरात त्या पट्ट्यांवर गाड्याच उभ्या दिसतील.

टिळकवाडीकर

साहेब, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर असे आहे की खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली येथे पट्टा आखावा असे मी म्हणतच नाही. गल्ली अरुंद असते तेव्हा तेथे पट्ट्याने काही साधत नाही. तेथे सगळ्यांचाच वेग माणसाच्या चालीच्या आसपास ठेवला की सायकल आपोआप सुरक्षित होते. पट्टा हवा तेथे, जेथे रस्ता रुंद आहे आणि वाहने वेगाने जातात, म्हणजे काँग्रेस रोड, खानापूर रोड, जुना पी. बी. रोड यांसारख्या रस्त्यांवर. आपण म्हणता तसे व्यापाऱ्यांना आधी विचारले पाहिजे, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

शिक्षिका, अनगोळ

आमच्या शाळेत आजूबाजूच्या खेड्यांतून सायकलने येणाऱ्या मुलींची संख्या आता कमी झाली आहे आणि त्याचे कारण मी पालकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. गावाच्या वेशीपर्यंत मुलगी एकटी जाईल याची त्यांना काळजी वाटत नाही. शहराच्या चौकातून ती कशी जाईल याची वाटते. त्यामुळे ऐपत नसतानाही रिक्षाचे पैसे भरले जातात, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्या मुलींची शाळा नववी-दहावीतच अडखळते. सायकल घरात असूनही उपयोगाची उरत नाही, हे पाहून फार वाईट वाटते.

एक जागा मला विशेष मांडायची आहे. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी जाईपर्यंत दोन्ही बाजूंना वाहने साठतात, आणि ती आपल्या बाजूला न थांबता पूर्ण रस्ताभर समोरासमोर उभी राहतात. गेट उघडले की दोन्हीकडची फळी एकदम आत शिरते. मुलींच्या सायकली या गर्दीच्या मधोमध असतात, आणि रूळ ओलांडताना चाक तिरपे गेले तर रुळाशेजारच्या फटीत अडकते. येथे गेटच्या अलीकडे, वाहनांच्या थांबण्याच्या रेषेपुढे, केवळ सायकलींसाठी एक रंगीत चौकोन करता येणार नाही का? सायकली सर्वांत पुढे राहतील, सर्वांना दिसतील आणि गेट उघडल्यावर दोन पावले आधी निघतील.

निवृत्त अभियंता, कॅम्प

ताई, हा चौकोन नक्कीच करता येतो. अनेक देशांत सिग्नलवर तो असतोच. त्याला डाव्या कडेने पोहोचण्यासाठी छोटा पट्टा द्यावा लागतो, नाहीतर सायकल मागेच अडकते. रुळांच्या अगदी जवळची जागा रेल्वेच्या अखत्यारीत येते, त्यामुळे त्यांची परवानगी लागेल. रुळांमधील भाग रबरी पट्ट्यांनी समतल करण्याची सूचनाही त्याच अर्जात घालावी.

मूळचा शहापूरचा, सध्या पुणे

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत. पुढे पदपथाशेजारी सायकलींच्या वाटा बांधल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. तरीही त्या वाटांवर सायकली तुरळकच दिसतात. मी स्वतः रोज पाहतो त्यावरून सांगतो: वाट पेव्हर ब्लॉकची असते, त्यामुळे हातांना हिसके बसतात, मध्येच विजेचा खांब, मध्येच बसथांबा येतो, आणि प्रत्येक चौकाच्या पन्नास पावले आधी वाट संपते, म्हणजे जेथे तिची सर्वाधिक गरज आहे तेथेच सायकलस्वाराला वाऱ्यावर सोडले जाते. बेंगळुरूमध्ये २०२० साली आउटर रिंग रोडवर खांब लावून सायकलींचा पट्टा केला होता. तोही टिकला नाही.

म्हणून डांबरीकरणाबरोबर पट्टा, ही येथील कल्पना मला मोलाची वाटते. पट्टा मुख्य रस्त्याच्या डांबरातच असेल, तर तो रस्त्याइतकाच गुळगुळीत राहतो आणि त्याची दुरुस्तीही रस्त्याबरोबरच होते. आपण मोठ्या शहरांचा कित्ता गिरवू नये. मोजके करावे, पण चौक पार करून पलीकडे नेणारे करावे.

रिक्षाचालक, वडगाव

पट्टा आखला तरी पंधरवड्यात मोटारसायकली त्यातून जाणारच, हे मी लिहून देतो. त्यांना रोखणार कोण?

टिळकवाडीकर

दादा, तुमचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. नियमाच्या बाजूने पाहिले तर १९८९ च्या रस्ता नियमावलीतही सायकल मार्गावरून मोटार वाहन चालवू नये असे स्पष्ट होते, म्हणजे नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पण प्रत्येक ठिकाणी पोलीस उभा राहू शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. माझ्या वाचनात आणि पाहण्यात आले आहे ते असे की नुसत्या रेषेला कोणी जुमानत नाही. मधल्या १ मीटरच्या मोकळ्या जागेत ठरावीक अंतरावर लवचिक खांब किंवा कमी उंचीचे काँक्रीटचे ठोकळे बसवले, तर चारचाकी आत येत नाही. मोटारसायकल काही प्रमाणात येत राहील. तरीही ट्रक आणि बस सायकलपासून एक हात लांब राहिल्या, एवढ्यानेही जीव वाचतात. सगळेच साधत नाही म्हणून जे साधते तेही सोडावे, हे मला पटत नाही.

उद्यमबाग दुसरी पाळी

ठोकळे बसवाल तर त्यांना चमकत्या पट्ट्या लावायला विसरू नका. रात्री अकराला पाळी सुटल्यावर रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद असतात.

शिक्षिका, अनगोळ

सुरुवात कोठून करावी, यावर माझे मत काँग्रेस रोडचे आहे. एका बाजूने तो रेल्वेच्या हद्दीला लागून जातो, त्यामुळे त्या बाजूला आडवे रस्ते आणि दुकाने कमी आहेत, व्यापारी बंधूंची गैरसोय तेथे सर्वांत कमी होईल. शाळा-कॉलेजची मुले त्याच रस्त्याने जातात. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी आणि पाळी सुटण्याच्या वेळी तेथून किती सायकली जातात याची नोंद आपणच केली, तर अर्जाला वजन येईल. आमचे नववीचे विद्यार्थी पालकांच्या संमतीने पदपथावर बसून हे काम आनंदाने करतील. मुली आणि मुले वेगळी मोजावीत, आणि मागे बोजा बांधलेल्या सायकली वेगळ्या मोजाव्यात, कारण त्यांना जास्त रुंदी लागते.

निवृत्त अभियंता, कॅम्प

नोंदीबरोबर रुंदीही मोजून घ्या. दर १०० मीटरवर टेप लावून गटाराच्या काठापासून दुभाजकापर्यंत. कोठे चेंबर आहे, कोठे जाळी उभी आहे, कोठे पाणी साचते, हे त्याच कागदावर लिहा. अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी हा कागद टेबलावर गेला तरच त्याचा उपयोग आहे; कार्यादेश निघाल्यावर बाबी वाढवणे फार अवघड असते. त्यामुळे दिवाळीच्या आत अर्ज गेला पाहिजे. आकृती मी काढून देतो.

सदाशिवनगरचा रहिवासी

धागा सुरुवातीपासून वाचत आहे. कार्यालयातील कामकाज कन्नडमध्ये चालते, त्यामुळे अर्ज, नोंदींचा तक्ता आणि आकृतीवरील टिपा कन्नडमध्ये असल्या तर संबंधित टेबलावर त्या लगेच वाचल्या जातील. माझे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आहे. तुम्ही मराठी मसुदा येथे टाका, मी त्याचा कन्नड मसुदा करून देतो, आणि दोन्ही प्रती एकत्र सादर करू या. चेंबर आणि जाळीचा मुद्दा पहिल्या पानावर घ्यावा, असे सुचवतो. तो कोणालाही नाकारता येणार नाही.

टिळकवाडीकर

आभारी आहे. येत्या रविवारपर्यंत मराठी मसुदा येथेच टाकतो. ज्यांना रुंदी मोजण्यासाठी येणे शक्य आहे त्यांनी खाली कळवावे. पहाटे वाहने कमी असतात, तेव्हाच मोजमाप करू. टेप माझ्याकडे आहे, मात्र दोन्ही टोकांना चमकते जाकीट घातलेली माणसे हवीत.